जीपखालची जागा

१ मे १९९४, कोरमंगला

पोचलो एकदाचा! नागपूरच्या भट्टीतून सुटलो. इथे पहाटे चक्क चादर लागते. नंदकिशोरसाहेबांचा बंगला ऐसपैस आहे, मला गॅरेजवरची खोली दिलीय. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून घरी बसलेल्या माणसाला याहून चांगलं काम कुठलं? बंगलोर ते लेह, साहेबांची लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, आणि वाटभर तिची देखभाल माझ्याकडे. साहेबांची मोठी बहीण वसुमतीअक्काही येणार. त्यांचे यजमान खंडोजीराव याच जीपखाली दबून वारले, बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी. एकटेच गेले होते, जॅक घसरला, असं साहेबांनी सांगितलं. लेहला जायची हौस मुळात खंडोजीरावांची. अक्कांनी जेवायला बिसिबेळे भात केला होता. "स्वल्प तूप घे रे," म्हणत वाढतच राहिल्या.

६ मे

दिवसभर जीपखाली. गिअरबॉक्सचं तेल बदललं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारलं, पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे जॉइंट नवे घातले. चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा आता बोटाने पडतो. एक गंमत झाली. अडचणीतला एक बोल्ट काही केल्या सापडेना, तेवढ्यात हात आपोआप तिथे गेला, कुणी मनगट धरून नेल्यासारखा. जुन्या गाडीशी माझं असं लवकर जमतं.

९ मे, अनंतपूरच्या पुढे

निघालो! अक्का मागे बसून भजनं म्हणत होत्या. पण शाफ्टचे बोल्ट ढिले झाले. आवळले. पुढच्या धाब्यावर बघतो तर पुन्हा ढिले. साहेब चिडले, डिप्लोमा कुठून विकत आणला, असं सगळ्यांदेखत विचारलं. अपमान गिळला. पण मी वॉशर घालून, सगळं अंग पान्यावर टाकून आवळले होते, देवाशपथ.

१० मे, कर्नूल

बोल्ट पुन्हा ढिले. खाली सरकलो तर जागा पुरेना. शेजारी कुणी उताणं पडलेलं असावं तशी. खांद्याला खांदा लागला. गार. बाहेर आलो तर डावी बाही चिखलाने भरलेली. जमीन इथे उन्हाने भेगाळलीय. चिखल आला कुठून?

११ मे

साहेब गाडीखाली वाकूनसुद्धा बघत नाहीत. लांब झाडाखाली उभे राहतात.

आज गाडीखाली शेजारी पडलेला तो बोलला. अगदी कानाशी, छातीवर ओझं असल्यासारखा. "नंदू, जाऊ नको. नंदू, मी जिवंत आहे."

सरपटत बाहेर आलो. सांगायचं नव्हतं, पण अक्कांनी पाठीवर हात ठेवला आणि सांगून बसलो. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "'नंदू' असंच म्हणाले हे? नक्की?" मग म्हणाल्या की यजमान गेले त्या दिवशी नंदू भर दुपारी आंघोळ करून घरात झोपला होता. कपडे स्वतः धुतले होते त्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

१२ मे

अक्का म्हणाल्या, परत फिरायचं. साहेब ऐकेनात. पण इंजिनच सुरू होईना. ढकलून तोंड दक्षिणेला केलं, आणि पहिल्या किल्लीला सुरू! दिवसभरात एक बोल्ट हलला नाही. साहेब सारखं विचारतायत, आपण घरीच जातोय ना. अक्का मागे भजनं म्हणतायत.

१३ मे, बेळ्ळंदूर, दुपार

स्टिअरिंग साहेबांच्या हातात होतं, पण कोरमंगल्याकडे वळेना. थेट तळ्याकाठी. रुतली. फोर-व्हील टाकलं, चारही चाकं जागच्या जागी—

मी जॅक लावला. फळीवर, पक्का. साहेब मला म्हणाले, चिखल उपसायला गाडीखाली शिर. मी नाही म्हटलं.

अक्कांनी किल्ली काढून घेतली. "तू जा, नंदू. त्यांच्या शेजारी पड आणि माफी माग."

साहेब ढसाढसा रडले. खंडोजीरावांवर जीप बसली तेव्हा साहेब तिथेच होते. पोलिसांना भ्यायलो, म्हणाले. वाटलं, भावोजी आत्ता मरतील. पण ते ओरडत राहिले, म्हणून कानांवर हात ठेवून पळालो.

मग गुडघे टेकून आत सरकले.

जॅकला हात कुणी लावला नाही. कुणीच—

त्याच दिवशी

जीप साहेबांवर बसली. साहेब जिवंत आहेत. माझं नाव घेऊन ओरडतायत.

दुसरा जॅक काढायला मागे गेलो तर खालून तो गार हात आला. माझा घोटा धरला. सुटत नाही. मदतीला निघालो म्हणून?

अक्कांना विनवलं. म्हणाल्या, "ओरडू दे. ह्यांचीही हाक कुणी ऐकली नव्हती." बांधावरून निघून गेल्या. सावकाश. किल्ली घेऊन.

हाका मारून घसा बसला. आसपास कुणी नाही. ही वही कुणाला सापडली तर— मी जॅक नीट लावला होता—

साहेबांचा आवाज थांबला.

हात अजून तसाच. वर सरकतोय, पोटरीवर—

खंडोजीराव, मी नंदू नाही. ही गाडी मीच तर इतके दिवस जपली—

इंजिन सुरू झालं. किल्ली अक्कांकडे आहे. चारही चाकं फिर