ग्लो ठेवावं की पेट्रोल?

साडूभाऊंना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या उभ्याउभ्याच). तुमचा गुडघा काय म्हणतोय? ताईंनाही नमस्कार सांगा, मात्र हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नका.

तुमच्या मेहुणीनं फर्मान काढलंय. घरात माझ्या उडवायच्या छोट्या विमानाचं एकच इंजिन राहील, कुठलं ते रविवारपर्यंत ठरवा, नाहीतर दोन्ही भंगारात. झालं असं, की स्पिरिट आणि एरंडेलावर चालणारं ते ग्लो इंजिन मी शिलाईच्या दुकानातच चालवून पाहिलं (बाहेर वारा होता). त्या बिचाऱ्याचा काय दोष! प्लगला बॅटरी लावली, पंख्याला टिचकी मारली, की लगेच बोलायला लागतं. पण धुराबरोबर एरंडेल थुंकतं, आणि समोर डॉक्टरांचा कोट शिवून टांगलेला. आता डॉक्टर कोट घेत नाहीत आणि तेल कोटाला सोडत नाही.

मग तुमचं ऐकून पेट्रोलचं आणलं. शिंतोडे कमी, इंधनही पुरवून पुरवून पितं, फक्त वजनाला भारी. विमानानं नाकच टेकलं, म्हणून शेपटीत माझी जुनी कात्री बांधली (तुम्ही हसणार, हसा). उडालं हो! दोन फेऱ्या झोकात मारल्या आणि तिसरीला इंजिन गप्प. चूक एवढीच, की इंधनाची नळी मी ग्लोचीच ठेवली होती. शिंपी माणूस, चांगला तुकडा टाकवत नाही. ती पेट्रोलमध्ये फुगली नि निसटली. विमान कुंपणाच्या तारेत अडकलं आणि ते ओढताना माझी कंबर गेली.

खरं सांगू? जीव ग्लोवरच आहे. माझं पहिलं विमान त्याच्यावर उडालं, तेव्हा ही टाळ्या वाजवत माळभर धावली होती. ते कसं टाकू? पण संसार करायचा तर पेट्रोलच बरं. हिला तसं सांगितलंय, खूश आहे.

तुमचा साडू

ता. क. ग्लो सोबतच्या खोक्यात आहे. ते तुमचंच, असं ताईंना सांगा. दर रविवारी माळावर येताना गुपचूप घेऊन या.

आणखी ता. क. भावोजी, पाकीट मी चिकटवतेय म्हणून लिहिते. मी टाळ्याबिळ्या वाजवत नव्हते, विमान माझ्या मागे लागलं होतं. तरी खोक्यातलं इंजिन मी बदललंय. पेट्रोलचं तुम्हाला, ग्लो इथंच राहील. यांना रविवारपर्यंत सांगू नका, तोवर जरा झुरू देत.