चापावरचं बोट

२१ सप्टेंबर, रवि.
आज शूटिंग रेंजवर रायफलमधून गोळी आपोआप सुटली. लिहिताना वेडगळ वाटतं, पण तसंच झालं. पहिली गोळी नीट गेली. दुसरीला चाप दाबला, काहीच नाही. नियमाप्रमाणे नळी समोर धरून थांबलो. पकड जरा सारखी करायला गेलो आणि धाड्. टार्गेटच्या बरीच अलीकडे माती उडाली. शेजारच्या बेंचवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.
गॉर्ड म्हणाला, "यूज्ड गन, बडी. क्लीन इट." गॉर्ड आमच्या रस्त्यावरचाच. रिटायर झाल्यावर त्याच्याच नादाने मी लायसन्स काढलं, त्याच्याच ओळखीतून ही सेकंडहँड घेतली.
 घरी सुनंदाला यातलं काही सांगितलं नाही.

२३ सप्टें.
बेसमेंटमध्ये सगळी उघडली. नागपुरात एनसीसीत जी रायफल होती तिचा बोल्ट दर गोळीमागे हाताने ओढावा लागे. ही सेमी-ऑटोमॅटिक. एक सुटली की रिकामी पुंगळी स्वतःच फेकते, पुढचं काडतूस स्वतःच भरते. जे स्वतः करतं तेच बिघडतं, हे इकडे परदेशात, कनाटाच्या टेलिकॉम कंपनीत इंजिनियर म्हणून जन्मभर पाहिलंय. पद्धत तीच ठेवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं.
काजळी भरपूर निघाली. हेच असणार.
सु. वरून: "जेवायला येताय, की ती बयाच वाढणार आहे?"

२८ सप्टें., रवि.
काजळी नव्हती. नवी काडतुसं, ती भरायचं मॅगझिनही नवं, तरी तेच. दाबतो, काही नाही. मग माझ्या मनात नसताना सुटते. वैतागून मॅगझिन काढलं, कुलूप लावलं, घरी आलो.
बेसमेंटमध्ये बोल्ट ओढला तर आतून एक जिवंत काडतूस टेबलावर पडलं.
चाप दाबून काही झालं नाही म्हणजे आत काही नाही, असं मी धरून चाललो होतो. गाडीत मागे ठेवून आणली. आणि इथे खाली बोल्ट ओढताना नळी छताकडे होती. वर सु. पोळ्या करत होती, लाटण्याचा आवाज येत होता.
हे कुणाला सांगायचं? बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.

१ ऑक्टो. खंडेनवमी
सांगितलं सु.ला. सगळं, काडतुसासकट. वाटलं होतं, घराबाहेर काढा म्हणेल. तिने पूजेचा पाट खाली काढला. मग म्हणाली, "आज शस्त्रांची पूजा. घरात आहेच तर पाटावर ठेवा. निदान ती तरी आपल्या बाजूला येईल."
पाटावर लॅपटॉप, तिची शिवणाची मशीन, गाडीच्या किल्ल्या आणि ती बया. रिकामी आहे हे दोघांना दिसावं म्हणून बोल्ट मुद्दाम उघडा ठेवला. हळदकुंकू, झेंडू मिळाला नाही म्हणून ग्रोसरीतली पिवळी शेवंती. सु.ने हात जोडले तेव्हा डोळे मिटले नाहीत, रायफलवरच ठेवले.

४ ऑक्टो.
सापडलं! चापाच्या यंत्रणेत तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला. पूजेच्या अक्षता उघड्या बोल्टमधून आत गेल्या. सु.ला हाक मारून दाखवला. इतके हसलो की तिला डोळे पुसावे लागले. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

५ ऑक्टो., रवि.
सकाळी दात घासताना लक्षात आलं. दाणा नवमीचा, बिघाड त्याच्या आधीचा. इंजिनियर म्हणे.
रेंजवर गेलो नाही. कारण पावसाचं दिलं.

१२ ऑक्टो., रवि.
शेवटचा उपाय. बदलायची राहिलेली एकच गोष्ट म्हणजे माणूस. रायफल गॉर्डच्या हातात दिली.
मॅगझिन संपेपर्यंत एकदाही अडली नाही. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच बेंच. पुंगळ्या नुसत्या उडत होत्या. मी त्याला पुन्हा गोळ्या मारायला लावलं. पुन्हा तेच. त्याने सुचवलं, आता तू, मी बाजूला उभा राहतो.
पहिली गेली. दुसरी नाही. गॉर्ड टार्गेटकडे बघतच नव्हता, माझ्या बोटाकडे बघत होता. "यू आर नॉट लेटिंग गो, बडी."
मी म्हटलं, सोडलाय की. तो म्हणाला, "नो. लुक."
पाहिलं. बोट चापावर दाबलेलंच होतं. चाप पूर्ण मोकळा केल्याशिवाय ही दुसरी गोळी सोडत नाही, एवढी साधी गोष्ट. मी शपथेवर सांगितलं असतं की बोट मी उचललंय. बघता बघता ते सावकाश उठलं. सांगितल्यावर बऱ्याच वेळाने. आणि पुन्हा आपणच आवळलं.
गॉर्डने हलकेच रायफल काढून घेतली. म्हणाला, थंडी आहे, थंडीने होतं. त्याच्या अंगात टी-शर्ट होता.

१३ ऑक्टो. थँक्सगिव्हिंग
रायफल गॉर्डच्या तिजोरीत. घरातून ती गेली तर भीतीही जाईल असं वाटलं होतं.
दिवसभर हाताची परीक्षा घेतोय. कप उचलतो, ठेवतो. बटण लावतो, काढतो. डावा बरा. उजवा ऐकतो, पण उशिरा.
वडिलांचा, अण्णांचाही, उजवाच हात आधी असा झाला. सुरुवातीला आम्ही म्हणायचो, अण्णा आळशी झाले. शेवटी सदऱ्याची बटणं आई लावायची आणि ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. माझं वय आज त्यांच्या तेव्हाच्या वयाएवढं.

१७ ऑक्टो.
सु.ला विचारलं, माझ्यात काही वेगळं दिसतं का तुला? भांडी पुसत होती. "नाही बा." फार लवकर म्हणाली. मग तीच ताटली पुन्हा पुसली.

२९ ऑक्टो.
फॅमिली डॉक्टर. तरुण मुलगी आहे, गोड बोलते. म्हणाली, अंगठा आणि पहिलं बोट टपटप जुळवा, जमेल तितकं मोठं, जमेल तितकं जलद. डावा झाला. उजवा सुरुवातीला बरा, मग बारीक बारीक होत गेला, जणू कुणी आवाज कमी करतंय. सु. खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.
डॉक्टरने निदान केलं नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे रेफर केलंय. "इट कुड बी अ फ्यू थिंग्ज." त्या फ्यू थिंग्जमधली एक आम्हा दोघांना अण्णांपासून माहीत आहे, तिचं नाव कुणी काढलं नाही.

१० नोव्हें.
काल बर्फ पडला. ड्राइव्हवे शोव्हल करायला गॉर्ड आपणहून आला. रायफल विकून टाक म्हटलं. म्हणाला, घाई काय आहे, आधी डॉक्टर काय म्हणतो बघ. म्हटलं, मी तिच्यावर उगाच संशय घेतला. तो फावडं टेकून उभा राहिला. मग आमच्या पायऱ्यांवरचाही बर्फ काढला.
घाबरलोय मी. सरळ लिहितो. मरणाला नाही. भिंतीकडे बघत उभं राहण्याला.

२३ नोव्हें., रवि.
न्यूरॉलॉजिस्टची तारीख आलेली नाही. फोन वाजला की दोघं एकदम उठतो. बहुतेक वेळा डक्ट क्लीनिंग विकणारे.
ग्रोसरीला गेलो. पार्किंग लॉटमध्ये बर्फाची काच झालेली, म्हणून सु.चा हात धरून चाललो. गाडीपाशी आल्यावर म्हणाली, "सोडा, किल्ली काढते."
सोडला. म्हणजे मला तसं वाटलं. ती थांबली. ओढून घेतला नाही, घाई केली नाही. वाऱ्यात दोघं तसेच उभे. मग हळूच म्हणाली, "मागच्या विंटरपासून तुम्ही असाच धरून ठेवता. मला आपलं वाटायचं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. मैत्रिणींनाही सांगितलं मी."
 म्हटलं, तेही असेल गं.
"असेल नाही, आहे," ती म्हणाली. "पण त्यातलं कुठलं किती, ते त्या डॉक्टरला विचारायचं नाही."
नाही विचारणार.