दुसऱ्या अंकातला भाऊ

४ जानेवारी २०२४, बारामती

वृषालीला हो म्हणून बसलो! आता काय करू? बावीस वर्षं मी लिहिलेलं ‘माघारी’ कपाटात पडून होतं. ही इथल्या कॉलेजात शिकवणारी पोर, नाटक बसवायचंय म्हणून मागायला आली आणि मी काढून दिलं. वर पडदाही रंगवून देतो म्हणालो. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पडद्याची भीती नाही. भीती छबूची.

नाटक तिच्यावरच आहे, माझ्या धाकट्या बहिणीवर. १९८१ साली सासरी मार खाऊन ती माहेरी, कळसला पळत आली. आणि मी, थोरल्या भावाने, तिला सायकलवर बसवून अंथुर्ण्याला परत घालून आलो. हे कुणाला कधी सांगितलं नाही. नाटकात घातलं, आमच्या गावच्या बोलीत. म्हणजे सांगितलं का? कळत नाही.

९ जानेवारी

पडद्यावर कोळशाने रस्ता आखला. कळस ते अंथुर्णे, बाजूला कालवा. पण कालवा डाव्या हाताला की उजव्या? हजारदा गेलोय त्या रस्त्याने! ‘त्या’ दिवशीचा म्हणून काढायला गेलं की हात अडतो.

छबूचा रडका चेहरा मात्र लख्ख दिसतो. पण ती तर मागं कॅरियरवर होती — मला दिसला कसा?

१२ जानेवारी

काही केलं नाही. ब्रश धुतले.

१५ जानेवारी

वृषालीचा फोन. बहिणीचं काम करणाऱ्या स्वरूपाला बोली जमत नाही. “सर, तिचं ‘न्हाय’ टीव्हीतल्यासारखं वाटतं. तसं बोलणारं जुनं माणूस आहे का कुणी?”

“आहे की, माझी बहीण,” म्हणालो. तोंडातून गेलंच! वेड लागलंय का मला? छबूची वाक्यं शिकायला छबूकडेच पोरगी न्यायची!

१८ जानेवारी

वृषाली, स्वरूपा आणि मी अंथुर्ण्याला जाऊन आलो. छबू अंगणात वांगी निवडत बसलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आता भाजीपाल्याचं माळवं तीच बघते. तिला वाचता येत नाही. स्वरूपाने वाचून दाखवलं. मी चोरासारखा ओट्यावर.

“‘मला जायाचं न्हाय’ हे रडून नगं म्हणू, बाय,” छबू म्हणाली. “रडल्यावर कुनी ऐकत न्हाय. खाली बघून म्हण. सावकाश.”

स्वरूपाने तसं म्हटलं. हुबेहूब छबूच!

मग दुसऱ्या अंकातला सायकलचा प्रवेश. छबूने शेवटपर्यंत ऐकला. विचारलं, “ह्यो कोन?”

“तिचा भाऊ,” स्वरूपा म्हणाली.

छबूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “च्या टाकते.” एवढंच! चिडली? दुखावली? काही उमगेना.

२४ जानेवारी

माफी मागायचीच ठरवून एकटा गेलो. म्हणालो, “छबे, मी तुला माघारी घालायला नको होतं.”

“तू कवा घातलंस?”

“सायकलवरनं. तू पळून आलीस तेव्हा.”

ती बघतच राहिली. “दादा, तवा तू पुण्याला व्हतास, चित्राच्या कॉलेजात. मला तात्यांनी नेऊन घातलं, एस्टीनं. आपल्याकडं सायकल कुठं व्हती?”

मी हसलोच. पण परतताना बसमध्ये हिशेब जुळवत गेलो. खरंच, एक्याऐंशीला मी पुण्यात, गावी वडीलच. सायकल घेतली ती नोकरी लागल्यावर, चौऱ्याऐंशीला! मग ते खडबडीत वळण, पाठीला लागलेलं तिचं डोकं — हे कुठून आलं? नाटक लिहिता लिहिता मीच रचलं आणि मीच खरं धरलं? इतकी वर्षं न केलेल्याचा दोष डोक्यावर घेऊन हिंडलो?

२७ जानेवारी

हलकं वाटतंय. दोन वेळा पोटभर जेवलो. हलकं का वाटतंय, याचीच शंका येते. आणि नाटक आता खोटं पडलं का? वृषालीला सांगू? काय सांगू — तो भाऊ मी नव्हेच?

१ फेब्रुवारी

पडदा पुरा झाला. कालवा उजवीकडे घातला. त्या दिवशी मी नव्हतोच, तर कुठंही असू दे.

६ फेब्रुवारी

छबू तालमीला आली होती. सायकलचा प्रवेश बघून हळूच म्हणाली, “ह्यो भाऊ लय बरा. संगं आला तरी.”

मग तिने विचारलं, “‘दादा, यिऊन मला घिऊन जा’ म्हणून पुण्याला पत्र धाडलं व्हतं मी, मास्तरांकडनं लिवून. तुला घावलं न्हवतं का रं?”

घावलं होतं.