हवेच्या पाइपातलं फडकं

मंगळवार, संध्याकाळ. मुकुंदवाडी

हात दोनदा धुतले, तरी त्या फडक्याचा वास जाईना.

सलीमभाई आज बिडकीनहून ट्रक घेऊन गॅरेजला आले. काळाकुट्ट धूर, अन् चढाला गाडी ओढत नाय म्हणाले. मी काही न तपासता चारचौघांत सुनावलं, "भेसळीचं डिझेल भरता अन् इंजिनाला नावं ठेवता." ते एवढंच बोलले, "उस्ताद, पंप तर नेहमीचाच हाय."

डिझेल फवारणारे नोझल काढून बघितले, तर ठणठणीत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, हे मला काय नवीन आहे? मग आधी हवा का नाही बघितली?

शेवटी ते चहा सांगायला गेले, तेव्हा हवेचा पाइप सोडला. आत फडकं. शोभाच्या जुन्या साडीचं, हिरव्या काठाचं. मागच्या आठवड्यात याच गाडीचा हवेचा फिल्टर बदलताना, आत कचरा जाऊ नये म्हणून मीच कोंबलं होतं. काढायचं राहिलं. गपचूप खिशात घातलं, पाइप जोडला, गाडी चालू केली. धूर गायब.

ते आल्यावर सांगणारच होतो. खरंच. पण धूर गेलेला बघून तेच म्हणाले, "माफ करा उस्ताद, तुमचंच खरं. त्या डिझेलनंच नोझल तुंबले असतील. आता त्या पंपावर नाय भरत."

अन् मी म्हणालो, "चालायचंच."

शोभा मघापासून धुवायला पँट मागतीय. हिरवा काठ अजून खिशातच आहे. उद्या देतो म्हटलं.