फुकटचा वजीर

४ जून
सासऱ्यांना आमच्याकडे येऊन दोन महिने झाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे राहणार होते. माझ्या मागच्या खोलीत असतात. 'माझ्या' हा शब्द आता फक्त या वहीत लिहिता येतो. टेबल माझं, त्यावर त्यांची औषधं. खुर्ची माझी, तिच्यावर त्यांचा टॉवेल. मी हे जेवणाच्या टेबलावर लिहितोय आणि कोपराला काहीतरी चिकट लागलंय.

आज जेवताना सासरे म्हणाले, आता मला माझ्या घरी सोडा. बायको म्हणाली, तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकटा माणूस, मुळीच नाही. मग कधी, म्हणाले. ती हसत म्हणाली, बाबा, तुमचे जावई तुम्हाला बुद्धिबळात हरवतील त्या दिवशी खुशाल जा. आणि डाव सोडून दिलेला चालणार नाही, नीट मात झाली पाहिजे.

सासरे हसले नाहीत. मीही नाही. पंधरा वर्षं विम्याचे क्लेम तपासतोय. "मला घरी सोडा" हा खोट्या क्लेमचा नमुनेदार प्रकार आहे. ज्याला जायचं असतं तो विचारत बसत नाही, चपला घालतो.

संकल्प: बुद्धिबळ शिकणे आणि खोली परत मिळवणे. सोंगट्या कशा चालतात ते येतं. घोड्याबद्दल थोडी शंका आहे.

५ जून
ओपनिंग्जचं, म्हणजे डाव कसा सुरू करायचा याचं, पुस्तक आणलं. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? एका मित्रासाठी, म्हटलं. मित्राचं नावही तयार ठेवलं होतं, विचारलं नाही. घरी आणण्यापूर्वी खाकी कव्हर घातलं आणि वर 'मोटार विमा: नियम व अपवाद' असं लिहिलं. आता कोणी हात लावणार नाही.

ओपनिंगची निवड. फ्रेंच डिफेन्स: बाद. डिफेन्स कशाला? मी काय आरोपी आहे? सिसिलियन: पुस्तकातच 'अत्यंत धारदार' असं म्हटलंय. घरात ब्लडप्रेशरचा पेशंट आहे (मी). लंडन: आळशी लोक हे खेळतात, असं लेखक म्हणतो. पानाला खूण करून ठेवली. शेवटी इटालियन. प्यादं, घोडा, उंट, संपलं. तीन खेळ्या कोणालाही पाठ होतील.

६ जून
झाल्या नाहीत. ऑफिसमध्ये मीटिंग होती.

८ जून
पहिला डाव. मी पांढरा. प्यादं पुढे. पुस्तकात पान ४१ वर काळा आपलं मधलं प्यादं पुढे आणतो. सासऱ्यांनी कडेचं प्यादं एक घर सरकवलं. हे पुस्तकात नाही. चूक लक्षात येऊन परत घेतील म्हणून मी बराच वेळ थांबलो. ते म्हणाले, खेळा की. आता पुढच्या माणसाने पान ४१ प्रमाणे वागायचंच नाही असं ठरवलं तर अभ्यासाला अर्थ काय?

थोड्याच वेळात माझ्यावर मात झाली. आणि नाटक बघा. मात दिल्यावर सासऱ्यांनीच कपाळाला हात लावला. म्हणाले, चुकलंच हो जावईबापू, जुनी सवय, हात आपोआप गेला. वर जखमेवर मीठ.

११ जून
पुन्हा हरलो. इटालियन फुटलंय. मी काय खेळणार हे त्यांना आधी कळतं. कसं? कव्हर तर जसंच्या तसं आहे.

संध्याकाळी दाराशी उभा राहून फोन ऐकला (पाणी प्यायला गेलो होतो). रोज याच वेळी त्यांच्या शेजाऱ्याला फोन असतो. शब्द असे: गुलाब डावीकडे सरकवा. मोगरा मागेच राहू द्या, ऊन लागेल. कोपऱ्यातली कुंडी हलवू नका, तिचं मी आल्यावर बघतो.

डावीकडे. मागे. कोपऱ्यात. माणूस कुंड्यांबद्दल रोज अर्धा तास बोलतो होय?

१५ जून
अत्यंत गंभीर प्रकार. दुसऱ्याच खेळीला सासऱ्यांनी वजीर थेट माझ्या घोड्याच्या माऱ्यात आणून ठेवला. घोड्याची चाल पुस्तकात दोनदा तपासली. खरंच मारता येत होता. फुकट.

दार उघडं, दागिने टेबलावर, मालक बाहेरगावी: असा क्लेम आला की मी आधी मालकाचा मेहुणा काय करतो ते बघतो. पुस्तक चाळलं. पान १७२, 'गॅम्बिट'. म्हणजे समोरच्याला फसवण्यासाठी सोंगटी फुकट देणे. बरोबर.

मी शांतपणे उंट काढला.  मग सासऱ्यांनी वजीर उचलून माझ्या प्याद्याच्या माऱ्यात ठेवला. मी दुसरंच प्यादं चालवलं. मग त्यांनी हत्तीही पुढे केला. एका डावात तीन सापळे. पाय अडकण्यापेक्षा मी सन्मानाने डाव सोडला.

ते बराच वेळ पटाकडे बघत बसले होते. डाव फसल्याचं दुःख असणार.

१९ जून
ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो कॉलेजात खेळायचा. न मागता म्हणाला, साहेब, ओपनिंग-बिपनिंग राहू दे, फुकट मिळतंय ते घे.

याला एवढी घाई का? चौकशी केली. सासऱ्यांची पेन्शन ज्या बँकेत येते त्याच बँकेत याचं खातं आहे. याच्याशी आता फक्त कामापुरतं बोलायचं.

२३ जून
सासरे रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या बिल्डिंगचे तीन मजले चढतात, उतरतात. खालच्या काकूंना म्हणाले, गुडघा तयार करतोय. प्रत्यक्षात बिल्डिंगची पाहणी चालली आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको.

ते जिन्यात असताना खोलीत गेलो (स्टेपलर हवा होता). कॉटखाली त्यांची बॅग. चेन उघडीच होती, जवळजवळ. आत चार शर्ट घडी घालून, दाढीचं सामान, वर घराची किल्ली. पूर्ण भरलेली. दोन महिने राहून माणूस बॅग रिकामी करत नाही, याचा अर्थ एकच: माझ्या कपाटावर डोळा आहे. ते मिळाल्याशिवाय शर्ट बाहेर काढणार नाहीत.

कपाटाला कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवली ते इथे लिहीत नाही.

२५ जून
कुलपाची किल्ली सापडत नाही. आत माझे ऑफिसचे कपडे आहेत.

२८ जून
लंडन सुरू केलं. (पिवळा टी-शर्ट घालून ऑफिसला जातोय. शेजारचा टेबलवाला हसला. नोंद केली आहे.)

सासऱ्यांनी राजा मोकळ्या रांगेत नेऊन उभा केला आणि म्हणाले, जावईबापू, तुमचा हत्ती पार शेवटच्या घरापर्यंत गेला तर काय होईल, बघा बरं. प्रतिस्पर्धी सल्ला देतोय म्हटल्यावर मी त्या हत्तीला दिवसभर हात लावला नाही.

मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, खरं सांगा, मी तुम्हाला इथे नकोय ना? छे छे, असं कसं बोलता, म्हटलं. म्हणाले, अहो, मलाही मी इथे नकोय. मला माझ्या गॅलरीत बसायचंय. म्हणजे आपल्या दोघांचं एकच आहे. मग घ्या की तो वजीर.

मी या माणसाला कमी लेखलं. क्लेमवाल्यांपैकीसुद्धा माझ्यासमोर आजवर इतकं खरं वाटेल असं कोणी बोललेलं नाही. वजीर घेतला नाही. डाव जेवणापर्यंत लांबवला, मग बायकोने पट उचलला.

३० जून
बायकोला विश्वासात घेतलं. म्हटलं, तुझे वडील रोज मला वजीर देऊ करतात. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, माहीत आहे. आणि तुम्ही तो घेणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून तर अट तुमच्यावर टाकली.

माझ्या सावधपणाची कोणाला तरी कदर आहे, हे पाहून बरं वाटलं. मग म्हणाली, बाबा त्यांच्या घरी बाथरूममध्ये पडले तेव्हा शेजाऱ्यांना कळायला दुपार झाली होती. मला पुन्हा तसा फोन नकोय. तुम्ही असेच खेळत राहा, अगदी मनापासून. खेळणारच आहे, म्हटलं.

५ जुलै
धोरण बदललं. क्लेम संशयास्पद असला की कधी कधी आधी मंजूर करायचा आणि माणूस पुढे काय करतो ते बघायचं. आज जे समोर येईल ते घ्यायचं.

वजीर घेतला. काही झालं नाही. हत्ती घेतला. दुसरा घेतला. सासऱ्यांचा चेहरा उजळत गेला, इतका की मध्येच थांबून पुस्तक बघावंसं वाटलं. दोन्ही उंट, दोन्ही घोडे, सगळी प्यादी. माझं एक प्यादं शेवटच्या घरात पोचून त्याचाही वजीर झाला. माझे दोन वजीर, त्यांचा एकटा राजा कोपऱ्यात. मधेच ते आत गेले, बॅग आणून दाराशी ठेवली आणि बूट घालून येऊन बसले. बायको ओट्याशी हात थांबवून उभी होती.

मी घाई केली नाही. राजाला पळायला एकही घर ठेवायचं नाही असं ठरवलं. दारं-खिडक्या बंद. दुसरा वजीर नेमका आणून ठेवला आणि मागे टेकून म्हटलं, चला.

सासरे बराच वेळ शोधत होते. मग म्हणाले, शह आहे का हा? मी बघितलं. शह नव्हता. म्हणाले, राजावर शह नाही आणि त्याला हलायलाही जागा नाही. याला स्टेलमेट म्हणतात. डाव बरोबरीत. मी म्हटलं, असा नियम पुस्तकात नाही. त्यांनी ते खाकी कव्हरचं पुस्तक उचललं, सरळ पान ८ काढून दिलं. पहिली तीस पानं मी वाचली नव्हती, त्यात ओपनिंग्ज नाहीत.

बायको म्हणाली, मात नाही झाली ना? नाही, सासरे म्हणाले.

मग वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. म्हणाले, दोन वजीर होते हो तुमच्याकडे, जावईबापू. उद्या पुन्हा खेळू, असं मी म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली. जिंकणं जमलं असतं, म्हणाले, हे हरणं आता माझ्याने होत नाही.

७ जुलै
सगळा कट लक्षात आला. तीन आठवडे एकेक सोंगटी मुद्दाम माझ्यापुढे केली, कारण त्यांना मला तिथे, त्याच कोपऱ्यात न्यायचं होतं. मी सुरुवातींचा अभ्यास करत होतो आणि हा माणूस शेवट शिकून आला होता. पुस्तकाच्या लेखकानेही मला सावध करायला हवं होतं.

आज टेम्पोने त्यांची आरामखुर्ची आली. ती ठेवायला माझं टेबल बाहेर काढलं. कपाटाचं कुलूप सुताराकडून तोडून घेतलं. वरचे दोन कप्पे त्यांना. बॅगेतले चार शर्ट बायकोने स्वतः लावले. ते खिडकीशी उभे होते. तिने विचारलं, बाबा, निळा वर ठेवू की खाली? कुठेही ठेव, म्हणाले.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन. मी पाणी प्यायला गेलो. आज अर्धा तास नाही, एकच वाक्य झालं: कुंड्या आता तुमच्याकडेच राहू द्या, कोपऱ्यातलीसुद्धा.

कुंड्या नावाचं ओपनिंग आहे का, ते पाहिलं. शेवटची सूची दोनदा वाचली. नाही.