लॅपटॉपमागची जागा

दि. ४ फेब्रुवारी

चि. दीडशहाणीस मावशीचे अ. उ. आ.

तुझं काम आमच्या घरी पार पडलं. तू आपली तिकडे लॅपटॉपच्या पडद्यात, इकडे त्या दिवशी सकाळपासून माझी कंबर मोडली. टिल्लूची बाळखुर्ची खिडकीपाशी, समोर सूनबाई, आणि तिच्या पाठीमागे डब्यांच्या थप्पीवर लॅपटॉप. आईने आधी खेळवायचं, मग दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा, मग पुन्हा खेळवायचं. हा कसला अभ्यास, असं मनात आलं. पण तू पाठवलेली माहिती मी शब्दाशब्दाला अडखळत का होईना, पुरती वाचली.

बहुतेक बाळं कुरकुरतात, हातपाय झाडून आईला बोलावतात, असं त्यात होतं. आमचा हसला. गुणाचं पोर.

काळजी सूनबाईची वाटते. ती तेव्हापासून गप्प आहे. काल म्हणाली, मी असले काय नि नसले काय, त्याला सारखंच; मी चेहरा दगड केला तर हा भिंतीकडे बघून हसतो. पुढच्या महिन्यात कामावर परतायचं होतं, आता राजीनामा देते म्हणते. मी समजूत घातली, की काही मुलांना आजीचाच लळा जास्त. तिने ताट तसंच सारलं. तुझं ती ऐकेल, दोन ओळी लिही.

तुझे काका असते तर तुला पडद्यात बघून हरखले असते. असो. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी मावशी


दि. ८ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले. मग चित्रण पुन्हा पाहिलं आणि हसू गेलं.

वहिनीचा चेहरा थांबल्यावर टिल्लू तिच्याकडेच बघतो. हात पुढे करतो, खालचा ओठ काढतो. आता रडणार, एवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावरून वर जाते आणि तो खुदकन हसतो. भिंतीकडे बघून असं कुणी हसत नाही. मावशी, तिथे तू होतीस का?

रागावले नाही. घरातल्यांनी बाहेर थांबावं एवढंच आम्ही सांगितलं, का ते सांगितलं नाही. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, दुसऱ्याच्या घरात काम करायचं तर घरातली माणसं धरूनच करावं लागतं. ही खेप बाद होईल, त्याचं मला काही नाही. पण वहिनीला कारण सांगणं माझं कामच आहे. सोमवारी फोन करीन. त्याआधी तुझ्या तोंडून कळलं तर बरं. ती राजीनामा देऊन बसायच्या आत सांग.

लोभ कमी करू नकोस, कान हवा तर पिळ.

तुझी भाची


दि. १४ फेब्रुवारी

चि. भाचीस अ. उ. आ.

होय, मीच होते. स्वयंपाकघरात थांबते म्हणाले आणि दारातून पुढे सरकले. त्याचा ओठ निघालेला बघवेना. तुझ्यासमोर, तुझ्या बाईंसमोर आमचं पोर रडेल, लोक म्हणतील आईला सांभाळता येत नाही, असं वाटलं. म्हणून लॅपटॉपमागे उभी राहून गाल फुगवले, जीभ काढली.

हे सगळं खरं, पण एवढंच असतं तर तुला लिहिताना हात अडला नसता. तुझे काका गेल्यापासून मला बघून कुणाचा चेहरा उजळला तर तो याचाच. त्या दिवशी आई समोर असताना तो माझ्याकडे बघून हसला आणि मला बरं वाटलं. ती रडवेली झाली तेव्हा कारण मला ठाऊक होतं. तरी लळ्याची गोष्ट तिला ऐकवली. माझ्या वयाच्या बाईने हे करावं, याची लाज वाटते.

रविवारी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी पुरी केली आणि म्हणाली, आई, मी इतके दिवस त्याला उचलून घ्यायला भीत होते. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोसलं असतं. तेव्हापासून माझ्याशी पाहुण्यासारखी नीट बोलते. राजीनाम्याचा कागद मात्र फाडला.

काल तू पुन्हा चित्रण घेतलंस, तेव्हा मी बाहेर जिन्यावर बसले होते. दार तिने लावलं. आत खेळ चालला, मग सगळं शांत, मग टिल्लू कुरकुरला आणि भोकाड पसरलं. माझे गुडघे उठायला निघाले, मी दोन्ही हातांनी कठडा धरला.

मग तिचा आवाज आला, आणि तो थांबला.

दार उघडून ती बाहेर आली, तो तिच्या खांद्याला चिकटलेला. डोळे पुसत हसत होती. म्हणाली, चांगला खच्चून रडला हो. मी म्हटलं, ऐकलं. तिने त्याला माझ्याकडे दिलं नाही, आणि मीही हात पुढे केले नाहीत.

पूर्वीसारखीच माया असू दे, मागायला संकोच वाटतो तरी.

तुझी मावशी