पुलाच्या वरचं पाणी

एडमंटन,
१८ मे १९८७

ती. बाबांना,
मिलेनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोनदा हुंकार देता आणि रिसीव्हर आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. इकडे झाडांना आत्ता कुठे पालवी फुटते आहे. प्रयोगशाळेत दिवसभर नद्यांचं पाणी तपासते. शेजारच्या बाई अजून विचारतात, की एवढं शिकून पाण्याकडे बघत बसायचा पगार मिळतो का. मिळतो, आणि मला ते काम आवडतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रजा मंजूर झाली आहे. आपण दोघं मासेमारीला जायचं. ओंद्रेय काका गेल्यानंतरचा हा तुमचा पहिला उन्हाळा, आणि मार्चमधल्या त्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर तुमचा डावा पाय अजून ओढतो असं आई सांगते. म्हणून जागेचा मी नीट विचार केला. गावाखालची नदी जवळ आहे, पण तिथे सुट्टीत गळाच्या काठीला काठी लागते, इतकी गर्दी. ओल्डमन नदी मोठी आणि सुंदर, पण तिच्या तळाशी गोल, बुळबुळीत धोंडे आहेत. मला वाटतं, तळ्यावर जाऊ. होडी भाड्याने मिळते, बसल्या बसल्या गळाची दोरी फेकता येते. तुमची नऊ फुटी पाच नंबरची काठीच तिथे चालेल, नवी नको.

सोबत पार्सल पाठवते आहे. पाण्यात टेकायची काठी, घसरू नये म्हणून बुटांना लावायचे नमद्याचे तळ आणि कमरेचा पट्टा. तुमचा जुना पट्टा विरला आहे हे मी नाताळात पाहिलं. पट्टा न बांधता माणूस पडला, की छातीपर्यंतच्या त्या रबरी विजारीत पाणी भरतं आणि त्याला उठता येत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत.

एक मागणं आहे. तुमच्या आणि काकांच्या त्या गुप्त ओढ्याचं नाव मला लिहून कळवा. मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही कधी उशिरापर्यंत परतला नाहीत, तर कुठे शोधायचं एवढं तरी माहीत असावं.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची मिलेना


बेल्व्यू,
२७ मे १९८७

चि. मिलेनास,
बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. काठी उत्तम आहे. तुझ्या आईने तिच्यावर वाटाण्याचे वेल चढवले. पट्टाही छान आहे, पण माझी विजार माझं पोट सांभाळतं, त्याला मदतनीस नको.

तळ्याचं म्हणशील तर कॉलेजातून पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा तूच जेवताना भाषण केलं होतंस. तळ्यातले मासे ट्रकने आणून सोडतात, त्या पाण्यातल्या कोंबड्या आहेत, खरा ट्राउट वाहत्या गार पाण्यातला. तुझं ऐकून मी गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले, धरलेला मासा परत सोडायला लागलो. ओंद्रेय मला पाद्री म्हणायचा. आणि आता तूच मला कोंबड्या धरायला नेतेस?

ओढ्याचं नाव लिहिणार नाही. एक तर आपला पोस्टमास्तर स्वतः मासे धरतो आणि पाकिटं उजेडात धरून बघतो. दुसरं म्हणजे ओंद्रेयचं आणि माझं ठरलं होतं. खाणीत आम्ही एकाच पाळीला उतरायचो, दिवसभर वर डोंगर घेऊन काम करायचो. वर आल्यावर एवढी एकच जागा आमची होती. ती कुणाला सांगायची नाही, बायकांनाही नाही, असं ठरलं होतं. तो गेला म्हणून ठराव संपत नाही.

पाय बरा आहे. काळजी करायचीच तर तिकडच्या त्या नद्यांची कर, त्याचा पगार मिळतो.

तुझा बाबा


बेल्व्यू,
२२ जून १९८७

माझ्या मिलेनास, आईचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र वाचून बाबांना फोन करू नकोस. केलास तरी मी लिहिलं असं सांगू नकोस.

ओढे मासेमारीला खुले झाले त्या पहिल्याच शनिवारी तुझे बाबा पहाटे निघून गेले. अजून बर्फ वितळतंय, सगळं पाणी चहासारखं तपकिरी आणि जोरात आहे. जेवणाच्या वेळेला येतो म्हणाले होते. मी बटाट्याच्या गोळ्यांची हालुश्की करून झाकून ठेवली, ती गार होऊन दगड झाली. संध्याकाळी ओंद्रेयच्या वेरोनाबरोबर मी जरा गाडीतून बाहेर जाऊन आले, घरात बसवेना. अंधार पडता पडता हे आले. छातीपर्यंत भिजलेले, ओठ निळे. म्हणाले, काठावर हात धुताना पाय घसरला. हात धुताना छाती कशी भिजते, हे मी विचारलं नाही. घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी बसवलं. ट्रकमध्ये तुझा पट्टा होता, जशी घडी तू घातली होतीस तशीच.

ते बोलत नाहीत. जेवताना ओंद्रेय येऊन बसायचा त्या खुर्चीकडे बघत बसतात. मी थांबवू शकत नाही आणि थांबवावं असं मला पुरतं वाटतही नाही. तूच सांग काय करायचं ते, तू शिकलेली आहेस.

जेवत जा वेळेवर.
तुझी आई


एडमंटन,
२६ जून १९८७

ती. बाबांना,
मिलेनाचा सा. न. वि. वि.

मला कुणी काही सांगितलेलं नाही, तरी विचारते. शनिवारी तुम्ही कुठे होतात?

रात्री झोप लागत नाही. प्रयोगशाळेतला फोन वाजला की हात थांबतो. परवा एका नमुन्यात दगडमाशीची अळी निघाली. ती फक्त स्वच्छ, गार, धावत्या पाण्यात जगते. एरवी मी आनंदाने सगळ्यांना दाखवली असती. या वेळी मनात आलं, असंच पाणी कुठेतरी तुम्हाला ओढून नेतंय आणि ते कुठलं हेच मला माहीत नाही. शोधायला निघालेल्यांना मी काय सांगणार? सगळा डोंगर शोधा म्हणून?

तळं नको असेल तर नको. तुम्ही म्हणाल ते पाणी. मी काठावर बसून राहीन, तोंड उघडणार नाही, नाव विचारणार नाही. फक्त एकट्याने जाऊ नका, आणि पट्टा बांधा. वचन मोठं आहे हे मला कळतं. पण ओंद्रेय काका असते तर तुम्हाला त्या पाण्यात पट्ट्याशिवाय उतरू दिलं असतं का, याचं उत्तर मला हवं आहे. विनोद करून पाठवू नका.

मुलीचं बोलणं पोटात घाला.
तुमची मिलेना


बेल्व्यू,
३ जुलै १९८७

चि. मिलेनास,
बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नसतं उतरू दिलं.

तुझं पत्र खिशात घालून मी वेरोनाकडे गेलो. म्हटलं, ठराव तुझ्या नवऱ्याबरोबर होता, तो मोडायची परवानगी आता तूच देऊ शकतेस. ती पोळी लाटत होती. लाटणं खाली ठेवून इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग सगळं सांगितलं. आम्हाला उशीर झाला की ती आणि तुझी आई गाडी काढून लाकडी पुलापर्यंत यायच्या. ट्रक दिसला, पुलाच्या वरच्या अंगाला आमच्या काठ्या हलताना दिसल्या, की तशाच परत. आम्ही घरी पोचायच्या आत चहाचं पाणी चुलीवर. ओंद्रेयच्या विजारीच्या चिखलावरून तिने जागा पहिल्याच उन्हाळ्यात ओळखली होती. त्या शनिवारीही दोघी येऊन गेल्या. मी काठावर चढून बसलेला दिसलो म्हणून हाक न मारता वळल्या. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? वेरोना म्हणाली, “तुम्ही दोघं किती ऐटीत गप्प बसायचात, ते मोडवेना.”

दोन दिवस मी तुझ्या आईशी बोललो नाही. तिला फरक कळला नाही. मग वाटाण्याच्या वेलांतली तुझी काठी मीच उपटून धुऊन ठेवली.

आता पट्ट्याचं. पोटाचा विनोद केला, कारण खरं लिहायला जड जात होतं. झटक्यानंतर डाव्या हाताची बोटं आवळत नाहीत. बक्कल लागत नाही. शर्टाची बटणं तुझी आई लावते, पण पहाटे अंधारात तिला उठवून पट्टा बांध म्हणायचं, म्हणजे कुठे जातोय ते सांगण्यासारखंच होतं. निदान मला तसं वाटायचं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी उतरेल, निवळेल. तुझ्या मापाची विजार, बूट आणि पट्टा आणून ठेवलेत. तू काठावर बसणार नाहीस, पाण्यात, माझ्या वरच्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभी राहशील. दगडमाशीसारखं आमिष करायला तपकिरी पिसं आणून ठेवलीत, गळाला ती तू बांध. ओढ्याचं नाव इथेही लिहीत नाही, पोस्टमास्तर आहेच. पुलावरून आपण चालत वर जाऊ तेव्हा सांगीन.

पट्टे दोन आहेत. तुझा तू बांध. मग माझा आवळ, चांगला घट्ट.

वाट बघतो आहे.
तुझा बाबा